दिलेल्या विषयावरच्या समूह प्रदर्शनासाठी चित्र करताना

पुस्तकांसाठी, मासिकांसाठी चित्रं काढणाऱ्या माणसाला पहिल्यांदा गॅलरीतून निरोप येतो, ‘अमुक विषयावर समूह प्रदर्शन करतोय, एक चित्र द्याल का?’, तेव्हा काम ओळखीचंच वाटतं. विषय ठरलेला, आकार ठरलेला, मुदत ठरलेली. रोज हेच तर करतो आपण.

पण एक मोठा फरक आहे आणि तो मला तीन-चार प्रदर्शनं झाल्यावर कळला. पुस्तकात चित्राच्या शेजारी मजकूर असतो, भिंतीवर तो नसतो. मजकुराची जागा तिथे विषय घेतो, आणि तो विषय आत येणाऱ्या प्रत्येकाने दारातच वाचलेला असतो. म्हणजे विषय समजावून सांगण्याची जबाबदारी तुमच्या चित्रावर उरतच नाही. विषय जिथे संपतो तिथून तुमचं चित्र सुरू व्हायला हवं. पुढचं सगळं मी याच धाग्याने सांगणार आहे. शिवाय फ्रेम, किंमत, पॅकिंग अशा ज्या गोष्टी कुणी शिकवत नाही, त्याही जरा सविस्तर.

आधी निमंत्रण नीट वाचा

निमंत्रण दोन प्रकारचं असतं. एकात आयोजक थेट तुम्हाला बोलावतात. दुसऱ्यात खुलं आवाहन असतं. तुम्ही आधी केलेली कामं किंवा कच्चं रेखाटन पाठवता आणि निवड होते. खुल्या आवाहनात कधी प्रवेशशुल्क असतं. ते भरण्याआधी त्या गॅलरीची जुनी प्रदर्शनं पाहा. तिथली कामं तुमच्या कामाच्या जवळपासची आहेत का, बघायला खरंच लोक येतात का, एवढं पाहिलं तरी निर्णय सोपा होतो.

होकार देण्याआधी काही प्रश्न लेखी विचारायचे. दिलेला कमाल आकार चित्राचा आहे की फ्रेमसकट? मूळ चित्रच हवं की प्रिंट चालेल? फ्रेम कोण करणार? चित्र कधीपर्यंत पोहोचवायचं? विक्रीतला गॅलरीचा वाटा किती, पैसे कधी मिळणार? जाण्या-येण्याचा खर्च कुणाचा? गॅलरीत असताना चित्राला काही झालं तर भरपाई कोण देणार? हे विचारलं की आपण कटकटे वाटू, अशी भीती नवख्यांना वाटते. मला आजवर एकाही चांगल्या आयोजकाने या प्रश्नांवर नाक मुरडलेलं नाही. बहुतेकांकडे उत्तरांचा कागद तयारच असतो.

पहिली कल्पना कागदावर उतरवून बाजूला ठेवा

माझ्या पहिल्या समूह प्रदर्शनाचा विषय होता ‘पाणी’. मी मासा काढला. मन लावून, एकेक खवला रंगवून. उद्घाटनाला पोहोचले तर भिंतीवर आणखी चार मासे होते. माझा मासा वाईट नव्हता, पण पाचातला एक झाला होता.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळते. विषय मिळाला की लगेच सुचेल ते सगळं एका पानावर लिहून काढते. हे पान सगळ्यांचं असतं. बोलावलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात साधारण हेच आलेलं असतं. मग दुसरं पान, जरा आडवळणाचं. तिसऱ्या पानावर मात्र फक्त स्वतः पाहिलेलं लिहायचं: एखादा माणूस, एखादी खोली, एखादी सवय.

समजा विषय आहे ‘रात्र’, जो मला एकदा मिळाला होता. पहिल्या पानावर चंद्र, घुबड, चांदण्या, उजेड असलेली एकच खिडकी. दुसऱ्या पानावर निद्रानाश, रिकामा रस्ता, भीती. तिसऱ्या पानावर रात्रपाळी करून आलेला माणूस. तो सकाळी घरी येतो, जाड पडदे ओढतो, फटीत कागद कोंबतो आणि भर दुपारी स्वतःपुरती रात्र तयार करतो. बाहेर लख्ख ऊन आहे, पडद्याच्या कडेने त्याची एक पिवळी रेघ आत शिरते आहे आणि ती नेमकी त्याच्या पायावर पडली आहे.

हे चित्र दुसरं कुणी आणण्याची शक्यता फार कमी. आणि त्याचा एक फायदा सुरुवातीला लक्षात येत नाही: ‘रात्र’ विषयाच्या दालनात बहुतेक भिंती निळ्या-काळ्या होणार असतात, तिथे ही पिवळी रेघ लांबूनच नजर ओढून घेईल. दालनातली बाकीची चित्रं कुठल्या रंगांची असतील याचा अंदाज प्रत्येक विषयावरून थोडाफार बांधता येतो. तो बांधाच. मात्र उठून दिसायचं म्हणून विषयाशी नातं तोडू नका. बघणाऱ्याला एक-दोन क्षण थांबून ‘हो, हीसुद्धा रात्रच’ असं वाटलं पाहिजे. ते वाटायला तळटीप लागत असेल तर कल्पना अजून कच्ची आहे.

लोकप्रिय चित्रपट, मालिका, खेळ यांच्यावर बेतलेली समूह प्रदर्शनंही होतात. लॉस एंजेलिसमधली ‘गॅलरी १९८८’ २००४ साली सुरू झाली ती अशाच प्रदर्शनांमुळे ओळखली जाऊ लागली. इथे पात्रं दुसऱ्याच्या मालकीची असतात. आयोजकांनी हक्कधारकांची परवानगी घेतली आहे का, आणि घेतली असेल तर ती फक्त मूळ चित्रापुरती आहे की प्रिंटनाही लागू आहे, हे आधी विचारा. चित्र तयार झाल्यावर हा प्रश्न निघाला तर फार उशीर झालेला असतो.

कच्ची रेखाटनं, आणि सहा पावलं मागे

काडेपेटीएवढ्या आकारात निदान दहा-बारा रेखाटनं करा. पुस्तकातलं चित्र हातभर अंतरावरून पाहिलं जातं. गॅलरीत माणूस आधी दालनाच्या दुसऱ्या टोकावरून पाहतो, आवडलं तर जवळ येतो. म्हणून चित्राला दोन अंतरं सांभाळावी लागतात. लांबून एकच ठसठशीत आकार दिसला पाहिजे, जवळ आल्यावर आणखी काहीतरी मिळालं पाहिजे. रात्रपाळीच्या त्या चित्रात लांबून ती पिवळी रेघ, जवळून पडद्याच्या फटीत कोंबलेले कागद.

निवडलेलं रेखाटन भिंतीला चिकटवा आणि सहा पावलं मागे जा. फोनवर त्याचा फोटो काढून कृष्णधवल करून पाहा. सगळं एकाच करड्या रंगात मिसळत असेल तर गडद-फिकट पुन्हा ठरवा. या पायरीवर घालवलेला एक दिवस पुढे आठवडा वाचवतो.

आकाराचं गणित

नवख्यांची सगळ्यात जास्त फजिती इथे होते. समजा फ्रेमसकट कमाल आकार ४० × ५० सेंमी आहे. फ्रेमची पट्टी २ सेंमी, चित्राभोवतीचा माउंट, म्हणजे चित्र आणि फ्रेम यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट, ६ सेंमी. म्हणजे प्रत्येक बाजूला ८, दोन बाजू मिळून १६. उरलं २४ × ३४ सेंमी. ए-३ कागद २९.७ × ४२ सेंमीचा असतो, त्यावर काठोकाठ काढलेलं चित्र या मापात बसणारच नाही. हे गणित पेन्सिल हातात घेण्याआधी करायचं.

आणखी एक बारीक गोष्ट. माउंट चित्राच्या कडेवर ३ ते ५ मिलीमीटर चढतो. सही अगदी कोपऱ्यात केली तर ती माउंटखाली जाते. सही कडेपासून दीड-दोन सेंमी आत करा आणि चारही बाजूंना थोडा कोरा कागद राखा; फ्रेम करणाऱ्याला पकडायला जागा मिळते.

कागद आणि रंग

छपाईसाठी चित्र काढताना ते स्कॅन होईपर्यंत टिकलं की झालं. विकत घेतलेलं चित्र मात्र कुणाच्या तरी घरात वर्षानुवर्षं राहणार असतं. त्या माणसाप्रती आपली जबाबदारी आहे असं मी मनापासून मानते, म्हणून या भागात काटकसर करत नाही.

कागद आम्लमुक्त घ्या, शक्यतो कापसाचा, जलरंग किंवा गुआश (अपारदर्शक जलरंग) यांसाठी ३०० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपास. पातळ कागद ओला होऊन लाटांसारखा फुगतो आणि फ्रेमच्या काचेमागे त्या लाटा अधिकच दिसतात.

रंगांच्या ट्यूबवर बहुतेकदा प्रकाशात टिकण्याची श्रेणी लिहिलेली असते. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या श्रेणीत १ आणि २ म्हणजे टिकाऊ. काही कंपन्या ‘ब्लू वूल’ मोजपट्टी वापरतात, तिच्यात उलट आहे: १ सगळ्यात कच्चा, ८ सगळ्यात पक्का. झगमगीत गुलाबी आणि फ्लुरोसंट रंग बहुतेक कच्चे असतात. अल्कोहोल मार्करची शाईही बहुधा डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची असते, उजेडात उडते. व्हॅन गॉगने १८८८ साली आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र काढलं तेव्हा भिंती फिकट जांभळ्या होत्या; त्यातला लाल रंग उडून गेला आणि आज आपण त्या निळ्या पाहतो. मार्करनेच काम करत असाल तर मूळ चित्राऐवजी त्याची चांगली प्रिंट द्यावी, हा माझा सल्ला.

डिजिटल काम करणाऱ्यांनी गॅलरीला प्रिंट चालते ना, हे आधी पक्कं करावं. चालत असेल तर पिगमेंट शाईत (बारीक रंगकणांच्या शाईत), कापसाच्या कागदावर प्रिंट काढून घ्या. २४ × ३४ सेंमीसाठी ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) फाइल साधारण २८३५ × ४०१६ पिक्सेलची लागते. किती प्रती काढणार ते आधीच ठरवा आणि प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने लिहा: खाली डावीकडे प्रत क्रमांक, म्हणजे ३/२०, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही. २० म्हटल्या की २०च. नंतर आणखी पाच काढणं म्हणजे आधीच्या वीस जणांना फसवणं.

तारखा उलट्या मोजा

उद्घाटनाची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहिली जाते आणि तिथेच घात होतो. तुमची खरी मुदत ती नाहीच. समजा गॅलरीला चित्र उद्घाटनाआधी १० दिवस हवं आहे. कुरियरला ५ दिवस. फ्रेमला २ आठवडे. स्कॅनिंग आणि फोटोसाठी ३ दिवस. बेरीज ३२. म्हणजे चित्र उद्घाटनाच्या ३२ दिवस आधी पूर्ण हवं. प्रसिद्धीसाठी फोटो कधी कधी त्याहूनही आधी मागतात.

स्कॅन किंवा फोटो फ्रेम करण्यापूर्वीच करून ठेवा. काच बसल्यावर प्रतिबिंब टाळणं अवघड, आणि चित्र विकलं गेलं की ते पुन्हा हाती येत नाही. चांगला स्कॅन नसल्यामुळे माझ्या एका आवडत्या चित्राची आज माझ्याकडे फोनवरची धूसर प्रत तेवढी आहे.

फ्रेम

समूह प्रदर्शनात साधी फ्रेम चांगली: काळी, पांढरी किंवा लाकडाच्या रंगाची. शेजारी वीस चित्रं असतात, नक्षीदार फ्रेम त्यांच्याशीही भांडते आणि तुमच्या चित्राशीही.

माउंट शोभेसाठी असतो असा समज आहे. त्याचं मोठं काम म्हणजे काच चित्रापासून लांब ठेवणं. दमट हवेत काचेला टेकलेला रंग तिला चिकटतो आणि सुटताना निघून येतो. माउंट आणि मागचा पुठ्ठा दोन्ही आम्लमुक्त हवेत. चित्र माउंटला फक्त वरच्या कडेने, पातळ जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी आणि खळीने लटकवतात, म्हणजे हवेप्रमाणे कागद आकसला-फुगला तरी ताणला जात नाही. सेलोटेप कधीही नको. काही वर्षांत तिचा डिंक कागदात उतरून पिवळा डाग पाडतो. फ्रेम करणाऱ्याला हे स्पष्ट सांगा, तो ‘चालतं हो’ म्हणाला तरी.

चित्र पाठवायचं असेल तर काचेऐवजी अॅक्रिलिक घ्या. मागे दोन्ही बाजूंना, वरून साधारण एक तृतीयांश उंचीवर डी-रिंग (इंग्रजी D च्या आकाराच्या कड्या) आणि त्यांच्यामध्ये तार. तार ताणल्यावर फ्रेमच्या वर डोकावता कामा नये. दातेरी पट्टीचे हूक बऱ्याच गॅलऱ्या घेत नाहीत. मागे लेबल: नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप आणि वरची बाजू दाखवणारा बाण. माप लिहिताना कलाक्षेत्रात आधी उंची, मग रुंदी असा प्रघात आहे.

किंमत

किंमत ठरवताना आपण फार लाजतो. गॅलरीचा वाटा पुष्कळ ठिकाणी विक्रीच्या निम्मा असतो, काही ठिकाणी कमी. तो कुठल्या रकमेवर मोजला जातो हे नीट समजून घ्या. समजा तुमच्या हातात १०० यायला हवेत आणि फ्रेमला २० खर्च झाला. पुष्कळ जण १२० मध्ये त्याचेच निम्मे, म्हणजे ६०, मिळवून १८० किंमत लावतात. मग गॅलरी ९० घेते, तुम्हाला ९० मिळतात, फ्रेमचे २० गेले की उरतात ७०. बरोबर हिशोब म्हणजे १२० भागिले ०.५, म्हणजे २४०.

तुमच्या हातात किती यायला हवेत ते ठरवायला मी क्षेत्रफळाचा दर वापरते: प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ठरावीक रक्कम, लहान चित्रांना दर थोडा जास्त. त्यामुळे एका प्रदर्शनातून दुसऱ्यात किमती उड्या मारत नाहीत. आणि गॅलरीत २४० ला असलेलं चित्र स्वतःकडून कुणाला १५० ला देऊ नका. गॅलरीने तुमच्यासाठी भिंत, दिवे आणि माणसं दिली आहेत. विकायचं नसेल तर यादीत तसं स्पष्ट लिहा, पण बोलावणाऱ्यांना ते चालतं का हे आधी विचारा.

करारात एक ओळ असू द्या: मूळ चित्र विकलं तरी पुनर्मुद्रणाचे हक्क चित्रकाराकडे राहतील. बहुतेक देशांच्या कायद्यात ते तसेच राहतात, पण लेखी असलं की घेणाऱ्यालाही कळतं.

शीर्षक आणि चार ओळी

शीर्षकाने चित्रात दिसतंय तेच पुन्हा सांगू नये. ‘झोपलेला माणूस’ हे शीर्षक वाया गेलं. ‘दुपारी दोन’ म्हटलं की चित्र उलगडायला लागतं, कारण दालनाच्या दारावर ‘रात्र’ लिहिलेलं आहे. विषय आणि शीर्षक यांच्यात असा ताण ठेवता आला तर मला फार आनंद होतो.

टिपण मागितलं तर ५०-६० शब्द पुरे. काय पाहिलं, कुठून आलं, कशाने केलं. ‘मानवी एकाकीपणाचा शोध’ असली वाक्यं गाळा. ‘आमच्या मजल्यावर एक जण रात्रपाळी करायचा. त्याच्या दारावर दिवसा घंटी वाजवू नका अशी चिठ्ठी असायची. गुआश, कागदावर.’ एवढ्याने बघणारा पुन्हा चित्राकडे वळतो.

पाठवणी

पाठवण्याआधी पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढा. फ्रेम नसेल तर चित्रावर ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद. बबल रॅप थेट रंगावर नको, त्याचे गोल ठसे उठतात. काच असेलच तर तिच्यावर मास्किंग टेपच्या फुल्या मारा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर विखुरत नाहीत. अॅक्रिलिकवर टेप लावू नका. कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या, मग बबल रॅप, मग खोकं, आणि त्याबाहेर चहूबाजूंनी पाच सेंमी मोकळी जागा ठेवून दुसरं खोकं. ती जागा कागदाने गच्च भरा. हलवल्यावर आत काही सरकता कामा नये. खोक्यात सामानाची यादी आणि ‘खोकं परतीसाठी जपून ठेवावं’ अशी चिठ्ठी घाला.

उद्घाटन आणि नंतर

चित्र कुठे लागेल ते क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची मांडणी करणारे, ठरवतात. कोपरा मिळाला म्हणून रुसू नका. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंमीवर ठेवायची पद्धत आहे. तुमचं खूपच वर-खाली वाटलं तर शांतपणे, आणि उद्घाटनाच्या आधी सांगा.

त्या संध्याकाळी स्वतःच्या चित्राशेजारी उभं राहू नका, लोक संकोचतात. जरा लांबून पाहा, कोण किती वेळ थांबतं, कुठे वाकून बघतं. मी इतरांची चित्रं एकेक करून बघते आणि आवडलेल्या चित्रकारांना तसं सांगते. समूह प्रदर्शनाची माझ्या मते सगळ्यात मोठी कमाई हीच. पुढची बहुतेक आमंत्रणं मला शेजारच्या भिंतीवरच्या लोकांकडून आली आहेत.

प्रदर्शन संपलं की आठवड्याभरात विक्रीची यादी आणि पैशांची तारीख विचारून घ्या. चित्र परत आलं तर त्याच दिवशी खोकं उघडा, कोपरे आणि अॅक्रिलिक पाठवणीच्या फोटोंशी ताडून पाहा आणि काही बिघडलं असेल तर लगेच कळवा. मग वहीत नोंद करा: कुठे लागलं, किती दिवस, काय किंमत, कोण काय म्हणालं. न विकलेलं चित्र भिंतीकडे तोंड करून उभं ठेवा, उन्हापासून लांब. दुसऱ्या एखाद्या विषयात ते बसेल. माझं ‘दुपारी दोन’ पुढे ‘घर’ नावाच्या प्रदर्शनात गेलं आणि तिथे पहिल्याच दिवशी विकलं गेलं. घेणारी बाई स्वतः रात्रपाळी करणारी होती.